कोणी निवडलं?

हेमाताई भोईर यांच्या टेबलावर माऊस होता, पण तो वापरात नव्हता. त्याची वायर गुंडाळून, वर रबरबँड लावून त्यांनी तो मॉनिटरच्या मागे सारला होता. कोणी त्यांच्या खुर्चीत बसून माऊस शोधायला लागलं की त्या म्हणायच्या, "आहे, पण त्याची सुट्टी आहे. तुला काय हवं ते सांग, मी काढून देते." मग त्यांची बोटं कीबोर्डवर फिरायची आणि समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हवं ते पडद्यावर आलेलं असायचं. मला आधी वाटलं, हा रुबाब आहे. नंतर कळलं की हा निव्वळ हट्ट आहे, आणि हट्टाच्या बाबतीत त्यांच्या तोडीचं माणूस मी उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात तरी पाहिलेलं नाही.

आमचं ऑफिस उल्हासनगरात एका फर्निचरच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं. खाली दिवसभर लाकूड घासलं जायचं, त्यामुळे आमच्या चहाला पॉलिशचा वास यायचा. मालक दीपकसेठ. अंबरनाथ-बदलापुरातल्या छोट्या-मोठ्या कारखान्यांच्या स्टोअरसाठी आम्ही प्रोग्राम बनवायचो. म्हणजे बनवायच्या हेमाताई आणि दोन नव्या मुली. माझं काम गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचं आणि माहितीपुस्तिका लिहिण्याचं. आधी पुस्तिका लिहायची आणि मग ती कोणीही वाचलेली नाही हे रोज फोनवर ऐकून घ्यायचं, असा तो धंदा होता.

हेमाताईंनी उमेदीची वर्षं टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवण्यात घालवली होती. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या निम्म्या कारकुनांची बोटं आपण वळवली आहेत असं त्या सांगायच्या, आणि त्यात फार अतिशयोक्ती नसावी, कारण बँकेत गेलं की काउंटरच्या पलीकडून कोणीतरी उठून "बाई" म्हणायचंच. टाइपरायटर अडगळीत गेले तेव्हा त्या प्रोग्रामिंग शिकल्या. ज्या वयात बायका सुनेला किल्ल्या द्यायचा विचार करतात त्या वयात शिकल्या, असं दीपकसेठ म्हणायचे. हेमाताईंना हे वाक्य आवडत नसे. "मला दोन मुली आहेत. सून कुठून आणू?" एवढंच त्या म्हणायच्या.

दीपकसेठ त्यांना 'अदी' म्हणायचे. सिंधीत थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. त्या बहिणीच्या नात्याचा फायदा मात्र ते दुपारी एक वाजता घ्यायचे. हेमाताई बदलापूरजवळच्या जांभूळ गावच्या, आगरी घरातल्या. डब्यात तांदळाची भाकरी आणि बहुतेक वेळा सुकट असायची. दीपकसेठच्या घरी बायकोने गुरूच्या नावाने मांसमच्छी बंद केली होती. डब्याचं झाकण उघडलं की केबिनचं दार किलकिलं व्हायचं आणि आतून आवाज यायचा, "अदी, आज वो छोटीवाली है क्या?" हेमाताई मान वर न करता एक वाटी बाजूला काढून ठेवायच्या.

आता झाडाबद्दल सांगायला हवं, नाहीतर हेमाताई कळणार नाहीत. आमच्या प्रोग्राममध्ये पडद्याच्या डाव्या बाजूला फांद्या फुटत जाणारी एक यादी होती. पंप उघडला की त्याखाली त्याचे जुळणी-भाग, त्यातला एक उघडला की त्याखाली बेअरिंग, सील, नट. ह्या मांडणीला आम्ही झाड म्हणायचो. झाडावरच्या एखाद्या नावावर तुम्ही आलात की ते निळं होतं, प्रोग्रामला आतून एक निरोप जातो की अमुक गोष्ट निवडली गेली, आणि तो निरोप मिळाला की उजवी बाजू जागी होते: त्या भागाचं चित्र, शिल्लक, कुठल्या रॅकवर आहे, आणि खाली एक 'द्या' असं बटण. ते दाबलं की चिठ्ठी छापून येते आणि स्टोअरमधला माणूस चिठ्ठीप्रमाणे माल काढतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय एवढं. हेमाताईंचं म्हणणं, सगळं एवढंच आहे. बाकीचं कोणीही लिहील.

कारण तो निरोप भोळा असतो. माणसानं मुद्दाम निवडलं तरी तो येतो, बाणाचं बटण दाबत माणूस नुसता पुढे चालला असेल तरी येतो, आणि प्रोग्रामनं आपल्या आपण काही निळं केलं तरी तसाच येतो. त्यामुळे कुणाचंही काही बिघडलं की हेमाताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: "कोणी निवडलं? माणसानं की आपण?" हा प्रश्न त्या इतक्या वेळा विचारायच्या की नव्या मुली कँटीनमध्ये समोसा उचलतानाही एकमेकींना तो विचारून हसायच्या. हेमाताईंना ते माहीत होतं. त्यांना त्यात गैर काही वाटत नसे.

त्या दोघींना त्यांनी ही गोष्ट समजावली ती मासळीबाजारातून. बदलापूरच्या बाजारात एक मासळीवाली होती. तिच्यासमोर तुमची चाल नुसती मंदावली की ती सुरमईला हात घालायची, आणि तुम्ही भाव विचारेपर्यंत पहिला तुकडा पडलेला असायचा. हेमाताई एकदा कोथिंबीर आणायला गेल्या आणि पावशेर सुरमई घेऊन घरी आल्या. ऐन संकष्टीला, नवऱ्याचा उपास असताना. "मी फक्त चप्पल नीट करायला थांबले होते," असं त्या अजूनही शपथेवर सांगायच्या.

"तुमचं झाड त्या बाईसारखं झालंय," त्या मुलींना म्हणाल्या. "माणूस बाण दाबत खाली चाललाय. त्याला दहावं नाव हवंय. तुम्ही वाटेतल्या नऊ जणांची ड्रॉइंग कापायला घेताय. मशीन धापा टाकतं आणि माणसाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. जाऊ दे की त्याला. थांबू दे, एक श्वास घेऊ दे. मग विचारायचं, हे हवंय का."

"पण मॅडम, माऊसवाल्यांना हा त्रास होतच नाही," एक मुलगी म्हणाली.

"म्हणून तर मी त्याला सुट्टीवर पाठवलंय," हेमाताई म्हणाल्या.

माझ्याशी त्यांचे खटके उडायचे ते माहितीपुस्तिकेवरून. मी एकदा लिहिलं होतं: 'डावीकडच्या झाडातून हवा तो भाग निवडा. उजवीकडे त्याची माहिती दिसेल.' वाचून दाखवल्यावर मीच शहाणपणा करत विचारलं, "आणि कोणी काही निवडलंच नाही तर उजवीकडे काय दिसतं?"

"असं होतच नाही," त्या जरा अभिमानानं म्हणाल्या. "आपल्याकडे रिकामं दिसत नाही. झाड भरलं रे भरलं की पहिला भाग मी स्वतः समोर ठेवते. बाकीच्यांचे प्रोग्राम उघडून बघ, अर्धा पडदा ओसाड."

यात त्यांच्याच प्रश्नाला बगल दिली जातेय हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही. तो अभिमान कुठून येतो हे मात्र मला त्या दिवाळीत कळलं. त्यांचा चार्जर ऑफिसात राहिला होता, तो द्यायला मी जांभूळला गेलो. पाच मिनिटांचं काम. ओटीवर टेकलो नाही तोच त्यांच्या सासूबाईंनी ताट आणून ठेवलं. भाकरी, वालाचं बिरडं, चकल्या. मी म्हटलं, मी जेवून आलोय. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि ताटात लाडू वाढला.

"अहो, खरंच नको."

"खा नायतर नको खाऊ," म्हातारी म्हणाली. "आलेल्या मानसापुढं रिकामी जागा नाय ठेवाची."

हेमाताई दारात उभ्या राहून हसत होत्या. मी सगळं खाल्लं. चार्जर द्यायचा राहिला आणि तो घेऊन मी परत बदलापूरला घरी आलो.

सुर्व्यांचं प्रकरण झालं ते त्यानंतरच्या वर्षी. अंबरनाथजवळ आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत पंप बनवणारा एक कारखाना आमचं जुनं गिऱ्हाईक होता. सुर्वे तिथले स्टोअरकीपर. अंबरनाथला राहायचे, सायकलवरून यायचे. फोन केला की दरवेळी "नमस्कार, सुर्वे बोलतोय, आनंदनगर" अशी सुरुवात, जणू माझ्याकडे त्यांचा नंबर नाहीच. बोलणं मोजकं, काम नीट. दोनेक वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप ते डाव्या हातानं धरायचे. माऊस चालवताना डाव्या हातानं उजवं मनगट पकडून ठेवायचे आणि पडद्यावरचा बाण हळूहळू हव्या त्या जागी न्यायचे. वेळ लागायचा, पण पोचायचा.

मग चुकीचा माल जायला लागला. लाइनवरून बेअरिंगची मागणी यायची आणि चिठ्ठी छापून यायची गॅस्केटची. एकदा झालं, दोनदा झालं, मग दर आठवड्याला. लाइन थांबली की कारखान्यात आवाज चढतात. प्लांट मॅनेजरनं आमच्याकडे तक्रार केली. पण ती तक्रारही खरं तर सुर्व्यांबद्दलच होती. म्हातारा झालाय, हात राहिला नाही, भलत्याच नावावर क्लिक होतं. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. त्या आधीच त्यांना घरी बसवावं असं ठरत आलं होतं. सुर्वे कोणाशी वाद घालत नव्हते. विचारलं की एकच वाक्य बोलायचे, "मी बरोबरच निवडलं होतं." त्यांनी सगळी नोकरी त्या स्टोअरमध्ये काढली होती, आणि आता हा ठपका घेऊन जावं लागणार होतं.

दीपकसेठनी प्रोग्राममधली नोंद काढून मागवली. कधी कुठल्या भागाची निवड झाली, कधी 'द्या' दाबलं गेलं. कागद हेमाताईंसमोर टाकून ते म्हणाले, "देखो अदी, साफ लिखा है. हर बार पहले गलत पार्ट सिलेक्ट हुआ, फिर बटन दबा. अपना सॉफ्टवेअर क्लिअर है."

हेमाताईंनी कागद वाचला. "निवड झाली एवढंच लिहिलंय. कोणी निवडलं ते कुठे लिहिलंय?"

"और कौन करेगा? वहां वो अकेला बैठता है."

"मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसते," हेमाताई म्हणाल्या, आणि पर्स उचलली. गिऱ्हाइकाचे फोन मी घेत असल्यामुळे दीपकसेठनी मलाही सोबत पाठवलं.

सुर्व्यांनी उठून आपली खुर्ची पुढे केली. हेमाताईंनी ती घेतली नाही. एक लाकडी खोकं ओढून त्या त्यांच्या शेजारी बसल्या. आधी त्यांनी विचारलं, बाणांची बटणं वापरून बघता का, हाताला सोपं पडेल. सुर्वे संकोचून म्हणाले, "आता नको मॅडम. माझी एक पद्धत बसलीय." मला वाटलं, आता माऊसवर भाषण होणार. पण हेमाताई फक्त "बरं" म्हणाल्या आणि गप्प बसून बघत राहिल्या. पडद्याकडे कमी, त्यांच्या हाताकडे जास्त.

बराच वेळ सगळं सुरळीत चाललं. सुर्वे नाव शोधायचे, निवडायचे, नाव निळं झालं की मनगट घट्ट धरून बाण खालच्या बटणाकडे न्यायला लागायचे. त्या प्रवासात त्यांची नजर फक्त बाणावर असायची. तो भरकटू नये हीच काळजी. दुपारी बाहेर एक टेम्पो आला. गेटवरच्या माणसानं आलेला माल त्याच्या कॉम्प्युटरवर नोंदीत चढवला. त्यानं चढवला की सगळीकडची झाडं नव्यानं भरतात, शिल्लक ताजी दिसावी म्हणून. इथे पडदा एकदा लवला. सुर्व्यांचा बाण अर्ध्या वाटेवर होता.

"थांबा," हेमाताई म्हणाल्या. "सुर्वेसाहेब, आत्ता तुम्ही काय निवडलंत?"

"बेअरिंग. खालून दुसरं."

"आणि आता निळं काय आहे?"

सुर्व्यांनी वर बघितलं. झाडाचं पहिलं नाव निळं होतं. गॅस्केट. उजवीकडे गॅस्केटचं चित्र, गॅस्केटची शिल्लक, आणि खाली 'द्या'. डाव्या हातानं धरलेलं मनगट त्यांनी सोडलं. हात टेबलावर थरथरत राहिला, पण त्यांनी तो झाकला नाही.

"म्हणजे माझा हात नव्हता," ते म्हणाले.

"नाही," हेमाताई म्हणाल्या. "तुमचा हात नव्हता."

सुर्व्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसायला घेतला. मी रॅककडे बघत उभा राहिलो. माणसाला अशा वेळी कोणी बघू नये.

परतताना रिक्षात हेमाताई अंबरनाथ मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, "ती ओळ माझी आहे, मिलिंद."

"कुठली?"

"रिकामं दिसू नये म्हणून पहिला भाग निवडायची. उघडताना ठीक होतं ते. पण झाड नव्यानं भरलं की तीच ओळ पुन्हा चालते. माऊस झरझर चालवणाऱ्याचं बटण तोवर दाबून झालेलं असतं, म्हणून कोणाला कळलं नाही." त्या बाहेर बघत होत्या. "मला वाटायचं, मी समोर काहीतरी वाढतेय. मी त्या माणसाच्या हातातलं काढून घेत होते रे." त्यांचे डोळे भरून आले होते.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. झाड भरण्याआधी माणसानं काय निवडलं होतं ते लक्षात ठेवायचं, भरून झालं की गाजावाजा न करता तेच परत निळं करायचं, आणि तो भाग यादीतून गेलाच असेल तर काहीही निवडायचं नाही. उजवी बाजू रिकामी, बटण बंद. ते लिहून झाल्यावर हेमाताईंनी मॉनिटरमागून माऊस काढला, रबरबँड सोडला आणि तो कॉम्प्युटरला जोडला. नव्या मुली काम सोडून बघायला लागल्या. डाव्या हातानं स्वतःचं उजवं मनगट धरून हेमाताई एकेक नाव निवडत होत्या आणि बाण अगदी सावकाश बटणाकडे नेत होत्या. मध्येच त्या मला खूण करायच्या आणि मी दुसऱ्या कॉम्प्युटरवरून माल चढवायचो. ती सगळी संध्याकाळ त्यांनी सुर्व्यांसारखी काढली. मी त्या ऑफिसात इतकी वर्षं होतो, पण त्यांच्या हातात माऊस मी तेवढाच पाहिला.

दीपकसेठ खूश झाले. "बस्स, चुपचाप नया वर्जन बोलके डाल दो. अब गलती होगी नहीं."

"आणि सुर्वे?"

"उनका क्या? अब तो नहीं होगी ना."

"झालेल्या सगळ्या त्यांच्या नावावर आहेत, सेठ. सोमवारी त्यांना बोलावलंय. ते जाणार घरी."

दीपकसेठ माणूस वाईट नव्हता. पण धंदा होता, आणि आनंदनगरात एका कारखान्याची बातमी दुसऱ्यात जायला चहाची एक सुट्टी पुरते. "अदी, कंपनी का नाम जाएगा," ते म्हणाले. "बाकी पार्टी भी सुनेगी."

"मग कंपनीचं नका सांगू," हेमाताई म्हणाल्या. "मी माझं सांगते."

सोमवारी मॅनेजरच्या केबिनमध्ये दीपकसेठ धरून आम्ही तिघं बसलो होतो आणि सुर्वे उभे होते. बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले. मॅनेजरसमोर तो नोंदींचा कागद होता. हेमाताईंनी जुना प्रोग्राम असलेला लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, एक पार्ट चुनिए. फिर हाथ हटा लीजिए." त्यानं निवडलं आणि हात मांडीवर घेतला. मी बाहेरच्या टेबलावर जाऊन माल चढवला आणि परत आलो.

"ये आपने चुना?" हेमाताईंनी विचारलं.

मॅनेजर पडद्याकडे झुकला. "नहीं. मैंने तो नीचेवाला लिया था."

"आपका हाथ तो हिलता नहीं."

दीपकसेठ आपल्या बुटांकडे बघत होते. हेमाताईंनी पुढचं मराठीत सांगितलं, कारण ते खरं तर त्यांना मॅनेजरला सांगायचं नव्हतं. त्या सुर्व्यांकडे वळून म्हणाल्या, "चूक माझी आहे. हे मी लिहिलंय, आणि इतके दिवस त्याचा बोल तुम्हाला लागला. तुम्ही प्रत्येक वेळी बरोबर निवडलं होतं."

मॅनेजरनं तो कागद उलटा करून ठेवला आणि "सॉरी, सुर्वे" म्हणाला. मोठ्यानं, केबिनचं दार उघडं असताना. सुर्व्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "गाडी आलेली दिसतेय. बघून येतो." आणि ते त्यांच्या स्टोअरकडे निघून गेले.

आमचं काम काही गेलं नाही. दीपकसेठ मात्र रुसले. बरेच दिवस दुपारी केबिनचं दार बंद राहिलं आणि हेमाताई रोज वाटी काढून ठेवायच्या ती नव्या मुलींच्या पोटात जायची. शेवटी एका बुधवारी दार किलकिलं झालं. "अदी," आतून आवाज आला, "वो छोटीवाली." त्या दिवशी हेमाताईंनी वाटीच्या जागी डब्याचं झाकणच भरून दिलं.

रिकाम्या पडद्याशी मात्र त्यांचं जमायला वेळ लागला. तिथे काय मजकूर दाखवायचा ते मला लिहायचं होतं. मी लिहिलं, 'काहीही निवडलेले नाही.'

"हे भांडल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या.

"मग काय लिहू?"

त्यांनी विचार केला. "लिही, 'आपण अजून काही निवडलेलं नाही. सावकाश निवडा.'"

प्रोग्राममध्ये असं कोणी लिहीत नाही हे मी सांगून बघितलं. ते वाक्य तसंच गेलं. दोन दिवसांनी फोन आला. "नमस्कार, सुर्वे बोलतोय, आनंदनगर. मॅडमना सांगा, वाचलं." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

सुर्वे वेळेवर निवृत्त झाले, त्याच खुर्चीतून. समारंभ कारखान्याच्या कँटीनमध्ये होता आणि बाहेरची म्हणून आम्हा दोघांनाच बोलावलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ती नोकरी सोडली, म्हणून हेमाताईंबरोबर कामासाठी कुठे गेलो ते तिथेच शेवटचं. फोन होतात, सणाला निरोप येतात, पण त्यांचं नाव निघालं की मला त्या कँटीनमध्येच दिसतात.

भाषणं झाली, शाल-नारळ झाला. मग सुर्वे पेढ्यांचा मोठा डबा घेऊन स्वतः सगळ्यांना वाटायला निघाले. हात आता आधीपेक्षा जास्त हलत होता. दोन-चार जणांनी पुढे होऊन डब्यातून आपापला पेढा उचलून घेतला, त्यांना त्रास नको म्हणून. एकानं तर डबाच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि भराभर पुढे निघाला. सुर्वे त्याच्यामागून रिकाम्या हातांनी चालायला लागले. डबेवाला आमच्यापाशी आला आणि हेमाताईंसाठी त्यानं वरचा एक पेढा उचलला.

"तो ठेवा," हेमाताई त्याला म्हणाल्या. "डबा नुसता धरा."

तो डबा धरून उभा राहिला. हेमाताईंनी तळहात पुढे केला आणि सुर्व्यांकडे बघितलं. सुर्व्यांचा हात डब्यावर आला. एका पेढ्यावर थांबला, तिथून निघाला, कडेच्या दुसऱ्यावर गेला, तोही सोडला. मागे रांग थांबली होती. कोणीतरी घसा खाकरला. मॅनेजर मदतीला पुढे यायला निघाला आणि हेमाताईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. सुर्व्यांनी डाव्या हातानं आपलं मनगट धरलं, मधला एक अख्खा पिस्ता लावलेला पेढा उचलला, आणि तो हात हवेतून हळूहळू हेमाताईंकडे यायला लागला. त्या तळहात पसरून उभ्या होत्या. तो त्यांनी जराही पुढे नेला नाही.